भुजंगराव सेक्रेटरींचं संगणकीकरण

आमच्या गावात कार्यालयाला दोन पाय आहेत, चष्म्याला दोरी आहे आणि वांग्याचं वावडं आहे. समाधान पाणीवापर संस्थेचे सेक्रेटरी भुजंगराव स्वतःला कधी 'मी' म्हणत नाहीत. "कार्यालय आता जेवायला जायलंय." "कार्यालयाला सर्दी झालीय, लांबून बोला." पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेले, तर बाहेरच्या नारळवालीला म्हणाले, "कार्यालयाला शेंडीवालं नारळ पाहिजे." ती बिचारी नारळ पिशवीत घालून कुण्या साहेबाची गाडी येते का ते बघत बसली. त्यांच्या मंडळींना, पार्वतीबाईंना, आता एवढी सवय झालीय की दारात आलेल्या माणसाला त्या सरळ सांगतात, "कार्यालय मोरीत हाय, बसा."

ही संस्था म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. कॅनॉलच्या एका चारीवर ज्यांची शेतं आहेत ते सगळे तिचे सभासद. पाणी सुटलं की कुणाची पाळी कधी, ते संस्था ठरवते. सभासद असेल त्याला पाळी. नसेल त्यानं बांधावर उभं राहून शेजाऱ्याचा हिरवा गहू बघायचा. आता सभासद कोण आणि कोण नाही हे कागदावर, कागद फायलीत, फायली लाल फडक्याच्या बस्त्यांत, बस्ते कपाटांत आणि कपाटांच्या किल्ल्या भुजंगरावांच्या करगोट्याला. करगोट्याला म्हणजे अगदी करगोट्यालाच. किल्ली काढायची म्हणजे आधी सदरा वर, मग पोट आत, आणि तेवढा वेळ सभासदांनी भिंतीकडं बघायचं.

बस्त्यांवर नंबर नाहीत, नावं नाहीत. येता-जाता रामराम घालणाऱ्यांच्या फायली वरच्या कप्प्यात, न घालणाऱ्यांच्या खालच्या कप्प्यात, आणि सभेत उठून प्रश्न विचारणाऱ्यांच्या एकदम मागं, उंदरांच्या शेजारी. कुणी कागद मागायला आलं की भुजंगराव डोळे मिटतात. घशातून "अ्हं" काढतात, म्हैस रवंथ करता करता थांबते तसं. मग म्हणतात, "सदर कागद हाय. हाय म्हणजे, असायला पाहिजे. पण आज निघणार न्हाई."

"कामून?"

"आज कार्यालयाचं चित्त न्हाई."

तरुणपणी ते तलाठ्याच्या परीक्षेला बसले होते आणि बसल्या जागीच राहिले. तेव्हापासून अख्ख्या गावानं त्यांचं तलाठीपण सोसलंय. खिशात एकच पेन, तेही हिरवं, कारण हिरवी शाई मोठ्या साहेबांची असते असं त्यांनी कुठंतरी ऐकलं. दुधवाल्याच्या कार्डावरसुद्धा हिरव्या शाईत "पाहिले" असं लिहून देतात. सही केली की कागदावर फुंकर मारतात, शाई बॉलपेनची असली तरी.

अशा माणसाच्या टाळक्यावर यंदा पावसाळा संपता संपता फर्मान येऊन पडलं. कॅनॉल ऑफिसनं कळवलं की सगळ्या सभासदांच्या फायली स्कॅन करून संगणकात चढवा. रब्बीच्या पहिल्या पाळीची यादी आता संगणकातूनच निघणार. ज्याची फाईल वर दिसणार नाही त्याला पाणी नाही.

आम्हाला वाटलं, आता हा माणूस छाती बडवून घेणार. कागद बटणावर सापडायला लागले तर करगोट्याला कोण विचारणार? पण भुजंगरावांनी सभा बोलावली, गळ्यात उपरणं घातलं आणि असं भाषण ठोकलं की जणू संगणक त्यांच्याच परसात उगवला होता.

"सभासद बंधूंनो, आन् ज्या कोनी भगिनी असतील त्या. आजपासून कार्यालय आधुनिक होयलंय. बटन दाबलं की सभासद हजर. कपाट न्हाई, धूळ न्हाई, उंदीर न्हाई."

चेअरमन दत्तराव टाळ्या वाजवायला लागले. दत्तराव चेअरमन का आहेत, तर त्यांचं शेत चारीच्या तोंडाला आहे आणि सही मोठी आहे. कागदावर काय लिहिलंय हे ते वाचत नाहीत, सही कुठं बसेल तेवढं बघतात.

मागून एक बाईमाणूस बोललं, "बटन कोन दाबनार, काका?"

ती सत्यशीला. चंद्रभानची एकुलती एक लेक. चंद्रभान गेल्यावर शेत तिच्या नावावर झालं, सातबारा झाला, पण संस्थेत अजून बापाचंच नाव. वारस म्हणून नाव चढवा, असा अर्ज तिनं खरिपाच्या पेरणीच्या आधीच दिला होता. तिचं शेत चारीच्या पार शेपटाला, आणि यंदा ती सगळ्या रानात गहू टाकणार होती. नाव चढलं नाही तर पाणी नाही, आणि पाण्याशिवाय तो गहू गुडघ्याएवढासुद्धा झाला नसता. सत्यशीला सभेत उठून प्रश्न विचारते, म्हणजे फाईल कुठल्या कप्प्यात ते सांगायला नकोच.

"बटन कार्यालय दाबील," भुजंगराव म्हणाले.

"मंग झालं तर," सत्यशीला म्हणाली. "आतापर्यंत किल्ली होती, आता बटन."

संगणक आला, स्कॅनर आला, प्रिंटर आला आणि पप्पू आला. पप्पू मूळचा जिंतूरचा, परभणीत कॉम्प्युटरचं दुकान चालवतो, दोन लेकरांचा बाप आहे, पण नाव पप्पूच. तो सगळ्यांना 'सर' म्हणतो, म्हणून भुजंगरावांना पहिल्याच दिवशी आवडला. त्याच्याबरोबर वायफायही आलं, म्हणून आम्ही गावची यच्चयावत पोरं दिवसभर कार्यालयाच्या ओट्यावर. ओट्यावर बसलं की आतलं सगळं ऐकू येतं. पैसे देऊन तमाशाला जायची गरज कुणाला उरली नाही.

कामाचा मुहूर्त खंडेनवमीचा. शेतकरी नांगर पुजतात, ड्रायव्हर गाडी पुजतो, भुजंगरावांनी स्कॅनर पुजला. झेंडूचा हार, पाच पानं, सुपारी, इथवर ठीक होतं. मग त्यांनी झाकण उचललं आणि आतल्या काचेवर कुंकवाचं भलंमोठं बोट ओढलं. पप्पू पुसायला गेला तर त्याचा हात धरला.

"पूजेचं पुसत न्हाईत."

"सर, प्रत्येक पानावर उमटंल ते."

"उमटू द्या की. शुभच हाय."

झालं. त्या दिवसापासून संस्थेच्या प्रत्येक स्कॅनला कपाळ आलं.

पण खरा घोळ त्याच्या पुढं. पहिली फाईल अर्थातच चेअरमनची. यादी नावानं लावू, असं पप्पू म्हणाला होता. भुजंगराव म्हणाले, मानानं लावू. म्हणजे चारीच्या तोंडापासून शेपटापर्यंत. तर दत्तरावांचं पहिलं पान स्कॅन झालं आणि पडद्यावर दिसलं. भुजंगराव पुढं वाकले, चष्मा वर-खाली केला आणि पडद्यावर नखानं टकटक केली.

"ह्याच्यावर सही कुठंय?"

"सर, ही काय, खाली दिसायलीय की."

"ती कागदाची सही. ह्याची कुठंय?"

"ह्याची म्हणजे?"

"ह्या स्कॅनची. उद्या एखादा म्हणला, हे खोटं हाय, तर कार्यालयानं काय तोंड दाखवायचं?"

पप्पूनं गप प्रिंट काढून दिली. दत्तरावांनी तिच्यावर सही ठोकली. भुजंगराव स्वतः परभणीला गेले आणि खास शिक्का बनवून आणला. गोल, बशीएवढा, मधोमध 'संगणकीकृत' आणि भोवतीनं संस्थेचं नाव. तो प्रिंटवर उठवला, फुंकर मारली, कागद लांब धरून बघितला. लेकराचं नाक बापासारखं निघालं की बाप जसा बघतो, तसा.

"आता हा कागद कार्यालयात आला. बरोबर?"

"बरोबर, सर."

"मंग हा संगणकात हाय का?"

"सर, तो संगणकातूनच निघालाय."

"तो बिनशिक्क्याचा. शिक्क्याचा हाय का?"

पप्पूनं आमच्याकडं बघितलं. आम्ही मोबाईलमध्ये बघितलं.

"न्हाई, सर."

"टाका मंग. फौरन."

आणि दोन नियम हिरव्या शाईत लिहून भिंतींवर चिकटले. डाव्या भिंतीवर: संगणकात घेतलेल्या प्रत्येक कागदाची प्रत काढून तीवर शिक्का मारण्यात यावा. उजव्या भिंतीवर: शिक्का असलेला प्रत्येक कागद तात्काळ संगणकात घेण्यात यावा. मधल्या खुर्चीत पप्पू. डावीकडं बघून प्रिंट काढायचा, उजवीकडं बघून स्कॅन करायचा. स्कॅन झाला की पुन्हा डावीकडं. आमच्यातला एकजण म्हणाला, ह्याच्यापेक्षा घाण्याचा बैल सुखी, त्याला निदान डोळ्यावर पट्टी बांधतात.

कागद घरी राहायला आलेल्या पाहुण्यासारखे वाढायला लागले. कपाटं पुरेनात म्हणून खोकी आली, खोकी पुरेनात म्हणून चेअरमनच्या ट्रॅक्टरची ताडपत्री अंथरली. दत्तरावांचं मनगट सुजलं. त्यांनी त्याला तेल लावलं, पण "आपन एकाच कागदावर परत परत सही कामून करायलोत?" हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. उलट बाहेर येऊन आम्हाला सांगायचे, "लय काम हाय रे संगनकाचं. तुमाला वाटतं तेवढं सोपं न्हाई." संगणक येऊन कागद कमी होतो असं ऐकलेल्या गावात कागदाची रिमं टेम्पोतून उतरत होती, आणि भुजंगराव टेम्पोवाल्याला सांगत होते, "कार्यालय डिजिटल होयलंय, दिसत न्हाई का?"

इकडं पाणी सुटायची तारीख जवळ आली आणि फायली अजून चारीच्या तोंडावरच फिरत होत्या. दत्तराव, दत्तरावांचा भाऊ, दत्तरावांचे व्याही. मधल्या लोकांचा नंबर आला नाही, तिथं शेपटाचं काय. सत्यशीलाचा गहू उगवून आला होता. जमिनीत जेवढी ओल होती तेवढी त्यानं पिऊन टाकली होती, आणि पानांची टोकं पिवळी पडायला लागली होती.

ती एक दिवस दुपारी आली आणि भुजंगरावांच्या समोरच्या स्टुलावर बसली. बसा म्हणायच्या आत बसणारं माणूस भुजंगरावांना आवडत नाही.

"काका, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"अ्हं. सदर प्रकरण चौकशीवर हाय."

"कोन करायलंय चौकशी?"

"कार्यालय."

"काय सापडलं मंग?"

"मयताचा मूळ दाखला लागंल."

"तो तुमच्याच फायलीत हाय. मी आपल्या हातानं दिलाय."

"फाईल स्कॅनिंगला गेलीय."

सत्यशीलानं मान वळवून पप्पूकडं बघितलं. "दादा, हाय का तुमच्याकडं चंद्रभानची फाईल?"

"न्हाई ताई. मी अजून चेअरमन साहेबांच्या व्याह्यांच्या दुसऱ्या फेरीत हाय."

"स्कॅनिंगला गेलीय म्हणजे," भुजंगराव जोरात म्हणाले, "जाणाऱ्यांत हाय. क्रमानं जाईल. कार्यालयात सगळे सारखे."

"सगळे सारखे, पर तोंडाचे जरा जास्त सारखे."

ओट्यावर कुणीतरी हसलं. भुजंगरावांनी दाराकडं बघून "वायफाय बंद करीन" असा दम दिला. वायफाय कसं बंद करतात हे त्यांना ठाऊक नाही, हे आम्हाला ठाऊक होतं.

सत्यशीलानं पिशवीतून प्लॅस्टिकची थैली काढली. आत नवा अर्ज, दाखल्याची दुसरी प्रत, वारसाचा फेरफार, सातबारा, सगळं पिनेनं लावलेलं, आणि पोचेसाठी अर्जाची झेरॉक्स. "हे घ्या. परत एकदा दिलं. आन् मला पोच द्या, मी जाते."

आता इथं भुजंगरावांचा स्वभाव सांगायला पाहिजे. हा माणूस कागद देत नाही, उत्तर देत नाही, पण पोच कधी नाकारत नाही. पोच म्हटलं की शिक्का मारायला मिळतो. पोचेचा जुना शिक्का चौकोनी, झिजलेला, त्यातलं 'प्राप्त' कधीच गेलेलं आणि नुसती तारीख उरलेली. त्यांनी तो उचलला, बघितला आणि बाजूला ठेवला. त्यांचा हात त्या गोल शिक्क्याकडं गेला. बाईला पाठवायची घाई, जेवायची वेळ, आणि समोर कोरे करकरीत कागद. पहिल्या पानावर मारला. मग राहवेना, म्हणून दुसऱ्यावर मारला. तिसऱ्यावर, चौथ्यावर. सातबाऱ्याच्या मागच्या बाजूलाही एक उठवला. सगळ्यांवर फुंकर मारली.

"ही घ्या झेरॉक्सवर पोच. मूळ कार्यालयात. या आता."

सत्यशीला गेली. कार्यालय जेवायला गेलं. टेबलावर ते कागद तसेच पडलेले, प्रत्येकावर 'संगणकीकृत'. पप्पूनं ते उचलले, उजव्या भिंतीकडं बघितलं, नियम मोठ्यानं वाचला. मग त्यानं आमच्याकडं बघून विचारलं, "शिक्का हाय ना रे ह्याच्यावर?"

आम्ही सगळे एका आवाजात म्हणालो, "हाय, सर."

त्यानं कागद काचेवर ठेवले. नवीन फाईल उघडली, वर नाव टाकलं, सत्यशीला चंद्रभान, आणि चढवून दिली. मग डाव्या भिंतीकडं बघून प्रिंट काढायच्या ऐवजी डबा उघडून जेवायला बसला.

पाणी सुटायच्या आदल्या दिवशी कॅनॉल ऑफिसच्या रेणुका मॅडम यादी घ्यायला आल्या. भुजंगरावांनी नारळ फोडला, शाल काढून ठेवली, आणि सभासद जमा केले. मॅडमनी शाल बाजूला सारली आणि संगणक उघडला. दत्तरावांचा कागद वर आला. पहिल्या प्रतीवर कुंकू. दुसऱ्या प्रतीवर दोन कुंकवं, एक सही, एक शिक्का. तिसऱ्या प्रतीवर शिक्क्यावर शिक्का. शेवटच्या प्रतीवर नुसती निळी-लाल वर्तुळं आणि दत्तरावांच्या सह्यांचं जाळं. खालचा कागद कशाचा होता ते देवालाच माहीत.

"हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

"प्रमाणीकरण," भुजंगराव म्हणाले.

मॅडमनी यादी वाचली. दत्तराव, भाऊ, व्याही, अजून तोंडाकडचे दोघं-तिघं. आणि सत्यशीला चंद्रभान.

"संपली," त्या म्हणाल्या.

जमलेल्या लोकांत एकदम कालवा झाला. आमचं नाव कुठंय, आमच्या फायली कुठं घातल्या, शेपटाची बाई वर कशी. दत्तराव सुजलेलं मनगट धरून भुजंगरावांकडं बघायला लागले. "भुजंगराव, शेपटाचं नाव कसं काय आलं?"

भुजंगरावांना स्वतःलाच माहीत नव्हतं. पण माहीत नसणं हे त्यांच्या तोंडाला कधी आडवं आलेलं नाही. "कार्यालयानं ती खास बाब म्हणून घेतली. महिला सक्षमीकरण."

"छान," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमचं स्वतःचं नाव? तुमचंही शेत आहे ना चारीवर?"

"अ्हं. कार्यालयाची फाईल कार्यालयाच्या ताब्यात हाय. तिला अशी... काचेवर कशी ठेवायची."

स्वतःची फाईल मशीनमध्ये जळून जाईल, या भीतीनं त्यांनी ती घरी उशीखाली ठेवली होती. हे पार्वतीबाईंनीच नंतर सगळ्या गल्लीला सांगितलं.

मॅडमनी भिंतीवरचे दोन्ही कागद फाडले, पप्पूला सांगितलं की एक पान एकदाच, आणि उरलेल्या सभासदांना सांगितलं की तुमचं पाणी आता दुसऱ्या पाळीला. पहिली पाळी यादीप्रमाणंच. लोकांनी मॅडमना काही म्हटलं नाही. जे म्हणायचं ते सगळं भुजंगरावांना म्हटलं, आणि त्यातलं बरंच इथं लिहिता येत नाही. आजवर ज्यांच्यापुढं माणसं भिंतीकडं तोंड करून उभी राहायची, त्यांच्याकडून लोकांनी किल्ल्या मागून घेतल्या. किल्ल्या काढताना ह्या वेळी कुणी भिंतीकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं. चारीला पाणी आलं की गावातली अर्धी पोरं चारीवरच असतात. पाटकऱ्यानं यादी बघून एकेक दार उघडलं, बाकीची कुलपं तशीच ठेवली. मधल्या सगळ्या शेतांना वळसा घालून पाणी शेपटाकडं निघालं. भुजंगरावांच्या शेताच्या कडेनंही गेलं, त्यांच्या गव्हाला नुसता आवाज ऐकवत.

सत्यशीला पदर खोचून, हातात फावडं घेऊन पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी उभी होती. पाणी आलं, तिनं मातीचा बंधारा फोडला, आणि वाफा सुस्कारा टाकल्यासारखा भिजायला लागला. तेवढ्यात चारीच्या कडेकडेनं, बूट चिखलात रुतवत, भुजंगराव आले. काखेत फाईल होतीच. रात्रभर बसून त्यांना शोध लागला होता.

"सत्यशीलाबाई, थांबवा हे. तुमचं नाव नियमानं आलेलं न्हाई."

"तुमीच तर म्हणलात खास बाब."

"तो शिक्का चुकून लागला. पोचेचा लावायचा, संगणकीकरणाचा लागला. शिक्का रद्द म्हणजे नाव रद्द, नाव रद्द म्हणजे पाळी रद्द."

"मंग?"

"मंग जेवढं पाणी घेतलं तेवढं बेकायदा हाय. परत करावं लागंल."

सत्यशीलानं फावड्यावर हात टेकले. "न्या की, काका. कशात नेता?"

भुजंगरावांनी वाफ्याकडं बघितलं. पाणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं सरकत होतं, मातीत जिरत होतं, आणि त्यावर शिक्का मारता येईल अशी जागा कुठंच नव्हती. त्यांनी फाईल उघडली, पुन्हा मिटली. घशातून "अ्हं" निघालं.

सत्यशीला दुसऱ्या वाफ्याकडं वळली. "सरका तिकडं," ती म्हणाली, "मला हे तोंड फोडायचंय," आणि फावडं घातलं.